थीम पार्कसमोर फूटब्रिज बांधताना पुलाची टोकं आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मोठ्या थीम पार्कच्या गेटसमोर सहा लेनचा रस्ता आहे, पलीकडे हॉटेलं, पार्किंग आणि बस स्टॉप, सध्या सिग्नलवर झेब्रा क्रॉसिंग आहे पण ते गर्दीला पुरत नाही, रात्री आतषबाजी संपली की लोक सिग्नल न बघता सरळ रस्त्यात उतरतात, आणि आता प्लॅन असा आलाय की फूटब्रिज बांधायचा, खालचं क्रॉसिंग बंद करायचं आणि डिव्हायडरवर उंच रेलिंग लावायचं. हे बरोबर आहे का आणि मीटिंगमध्ये काय विचारायचं, असं तुम्ही विचारलंय.

पादचाऱ्यांच्या सोयी आणि गर्दीचं नियोजन हेच माझं रोजचं काम आहे, तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो. पूल बांधायला हरकत नाही पण खालचं क्रॉसिंग बंद करू नका. आणि ड्रॉइंग समोर आलं की सगळे जण रस्त्यावरचा तो मधला चकचकीत भाग बघतात, तुम्ही मात्र पुलाची दोन टोकं बघा, म्हणजे जिना कुठे उतरतो, लिफ्ट कुठे आहे, पायथ्याशी किती जागा उरते, कारण पूल वापरला जाणार की नाही आणि तो सुरक्षित राहणार की नाही हे सगळं तिथेच ठरतं.

आधी ओलांडणारी माणसं कोण आहेत ते बघू. ऑफिसच्या रस्त्यावरची गर्दी रोज तोच सिग्नल ओलांडते, तिला सगळं पाठ असतं. थीम पार्कची गर्दी तशी नाही. बहुतेक जण पहिल्यांदाच आलेले, बरोबर लहान मुलं, बाबागाडी, आजी-आजोबा, कुणी भाड्याच्या बॅटरीच्या खुर्चीवर, आणि घोळका असल्यामुळे एक पुढे गेला की बाकीचे त्याच्या मागे धावतात. परदेशातून आलेल्यांना तर गाडी कुठल्या बाजूने येणार हेही सवयीचं नसतं, लंडनमध्ये म्हणूनच क्रॉसिंगपाशी कुठल्या बाजूला बघायचं ते रस्त्यावरच रंगवून ठेवलेलं असतं. सकाळी गेट उघडायच्या आधी एक लोंढा येतो, पण तो थोडा पसरलेला असतो आणि माणसं ताजीतवानी असतात. रात्रीचा लोंढा वेगळाच, शो संपला की सगळे एकदम बाहेर, पाय दुखतायत, पोरगं खांद्यावर झोपलंय, शेवटची बस गाठायचीये. डिझाइन या रात्रीच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी करायचं असतं. दिवसभराची सरासरी काढून कुणी तुम्हाला "एवढी गर्दी नाहीये" असं सांगितलं तर तो आकडा बाजूला ठेवा आणि शो संपल्यानंतरचे पाच-पाच मिनिटांचे आकडे मागा.

आता सध्याचं क्रॉसिंग पुरत का नाही ते बघा, कारण बऱ्याच ठिकाणी ते पुरवता येतं आणि कुणी प्रयत्नच केलेला नसतो. सहा लेन आणि मधला डिव्हायडर धरून रस्ता साधारण २४ मीटर रुंद धरू. चालण्याचा वेग पूर्वी सेकंदाला १.२ मीटर धरायचे, अमेरिकेच्या सिग्नल नियमावलीने २००९ मध्ये तो साधारण १.०७ मीटरवर आणला, कारण म्हातारी माणसं आणि मुलं तेवढ्या वेगाने चालतच नाहीत. म्हणजे शेवटच्या क्षणी पाऊल टाकणाऱ्याला पलीकडे पोचायला २२-२३ सेकंद लागतात. याच्या आधी लोकांना रस्त्यात उतरायला हिरवा माणूस, म्हणजे पादचाऱ्यांचा हिरवा दिवा, दिसायला हवा, तो बहुतेक ठिकाणी किमान ७ सेकंदांचा असतो. सात सेकंद चार-पाच माणसांना ठीक आहेत, पण कडेला दोनशे माणसं उभी असली तर? ढोबळमानाने क्रॉसिंगच्या प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला एक माणूस रस्त्यात उतरतो. क्रॉसिंग ४ मीटर रुंद असेल तर दोनशे जणांना नुसतं उतरायलाच ५० सेकंद हवेत, आणि तुम्ही देताय सात. मागे राहिलेले दीडशेहून जास्त लोक लाल दिव्यावर उतरणारच, त्यांना बेशिस्त म्हणून काही उपयोग नाही. तेच क्रॉसिंग १० मीटर रुंद केलं तर २० सेकंदांत दोनशे जण उतरतात. रंगाचे पट्टे वाढवायचे, कर्बचा, म्हणजे फूटपाथच्या कडेचा, उतार पूर्ण रुंदीभर करायचा, मधला डिव्हायडर तेवढा कापायचा आणि सिग्नलचं टायमिंग बदलायचं, एवढंच काम आहे ते. माझ्या मते पुलाची चर्चा सुरू व्हायच्या आधी हे झालंच पाहिजे, कारण पूल व्हायला काही वर्षं जातात आणि लोक तर आज रात्रीही रस्ता ओलांडणार आहेत.

सिग्नलची सायकल, म्हणजे सगळे दिवे एकदा फिरून यायला लागणारा वेळ, किती मोठी आहे तेही विचारा. गाड्या सुरळीत जाव्यात म्हणून मोठ्या रस्त्यांवर दोन-दोन, अडीच-अडीच मिनिटांच्या सायकली ठेवतात. पण साधारण ३० सेकंदांच्या पुढे थांबावं लागलं की पादचाऱ्याचा धीर सुटायला लागतो आणि तो फट शोधायला लागतो, आमच्या क्षेत्रात हे जुनं आणि सगळ्यांनी मान्य केलेलं निरीक्षण आहे. सायकल छोटी केली तर प्रत्येक वेळी कडेला कमी माणसं साठतात, कडेवरची ढकलाढकलीही कमी होते.

वळणाऱ्या गाड्या हा वेगळा विषय आहे आणि तो नेहमी राहून जातो. पादचाऱ्याला हिरवा आणि त्याच वेळी बाजूच्या रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीलाही हिरवा, असं बऱ्याच चौकात असतं, आणि पार्किंगमध्ये घुसायच्या घाईत असलेला ड्रायव्हर त्या वेळी बोर्ड शोधत असतो, माणसं बघत नसतो. यावर साधा उपाय म्हणजे पादचाऱ्यांना ३ ते ७ सेकंद आधी सोडायचं, गाडी वळेपर्यंत ते रस्त्याच्या मध्यावर आलेले असतात आणि ड्रायव्हरला स्पष्ट दिसतात. गर्दी फारच असेल तर सगळ्या बाजूंच्या गाड्या थांबवून लोकांना तिरकंसुद्धा जाऊ द्यायचं. हेन्री बार्न्स नावाच्या ट्रॅफिक इंजिनिअरने १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात ही पद्धत गाजवली, टोकियोचं शिबुया क्रॉसिंग तर सगळ्यांनी व्हिडिओत बघितलेलं असतं, लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसलाही २००९ मध्ये तिरकं क्रॉसिंग आलं. पार्कचं गेट आणि बस स्टॉप चौकाच्या तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर असतील तर लोकांना दोनदा थांबावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

आणि वेग. पादचाऱ्याला गाडीची धडक बसली तर जीव जाण्याची शक्यता धडकेच्या वेळी वेग ताशी ३७ किलोमीटर असेल तर सुमारे १० टक्के, आणि ६८ असेल तर सुमारे ५० टक्के, असं अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या अभ्यासात निघालं. पार्कसमोरच्या तेवढ्याच टप्प्यात वेग कमी ठेवणं, क्रॉसिंग थोडं उंच करणं, लेन अरुंद करणं, यातलं काहीही पुलापेक्षा लवकर होतं. गाड्यांची स्टॉप लाईनही क्रॉसिंगला चिकटून नको, थोडी मागे हवी, कारण जवळच्या लेनमधली बस थांबलेली असते आणि तिच्या आडून पुढे आलेलं मूल पलीकडच्या लेनमधल्या गाडीला शेवटपर्यंत दिसत नाही.

मधल्या डिव्हायडरबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका पार्कबाहेर पाहणी करत होतो, डिव्हायडर जेमतेम सव्वा मीटर रुंद. एक बाई बाबागाडी घेऊन मध्यापर्यंत आल्या आणि सिग्नल बदलला. गाडी सरळ उभी केली तर पुढची चाकं लेनमध्ये, मागे ओढली तर त्या स्वतः मागच्या लेनमध्ये. शेवटी त्यांनी गाडी आडवी फिरवली, मोठ्या मुलाला पोटाशी धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही बाजूंनी बस वाऱ्यासारख्या जातायत. कागदावर मात्र तिथे "सुरक्षित थांबा उपलब्ध" असं लिहिलेलं होतं. थांबायची जागा किमान १.८ मीटर खोल हवी, आणि इथली गर्दी बघता मी तर अडीच-तीन मीटर मागीन. नाहीतर एका दमात पूर्ण रस्ता ओलांडता येईल एवढा वेळ द्या, अर्धवट सोय नको.

आता पुलाकडे येऊ. लोक पूल का वापरत नाहीत, यावर "लोकांना शिस्त नाही" असं उत्तर पटकन दिलं जातं. पण १९६५ मध्ये मूर आणि ओल्डर या दोन अभ्यासकांनी याचा हिशोब मांडला होता आणि तो अजून आमच्या कामात वापरला जातो. पुलावरून जायला आणि खालून जायला सारखाच वेळ लागत असेल तर सुमारे ९५ टक्के लोक पूल वापरतात, आणि पुलाला दीडपट वेळ लागला तर जवळजवळ कुणीच वापरत नाही. म्हणजे प्रश्न मिनिटांचा आहे, आणि मिनिटं ड्रॉइंगवरूनच मोजता येतात.

मोजून बघू. खालून उंच ट्रक आणि डबल डेकर बस जायला हव्यात म्हणून साधारण पाच-साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते, वर गर्डरची, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईची, जाडी धरली तर चालायची पातळी साडेसहा मीटरच्या आसपास जाते. म्हणजे चाळीसच्या वर पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. धडधाकट माणसाला चढ, पूल आणि उतार मिळून ८० सेकंद धरा. खाली दोन मिनिटांची सायकल असेल आणि त्यात वीस सेकंद उतरू देत असाल तर सरासरी थांबणं चाळीसेक सेकंद आणि ओलांडणं वीसेक, म्हणजे एक मिनिट. पूल आत्ताच मागे पडला, आणि यात अजून जिन्यापर्यंत वळसा घालून चालत जाणं धरलेलंच नाही. जिना क्रॉसिंगपासून पन्नास-साठ मीटर लांब असला की गणित संपलंच.

बाबागाडी आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प म्हणाल तर १ ला १२ हा नेहमीचा जास्तीत जास्त चढ, म्हणजे एक मीटर वर जायला बारा मीटर चालायचं. साडेसहा मीटरला ७८ मीटर झाले, शिवाय दर पाऊण मीटर उंचीनंतर दीड मीटरचं सपाट लँडिंग लागतं, ते धरून ९० मीटर. हे एका बाजूचं. दोन्ही बाजू आणि मधला पूल मिळून दोनशे मीटरच्या वर, झोपलेलं मूल असलेली गाडी ढकलत, तेही दिवसभर पार्कात चालून झाल्यावर. आणि १ ला १२ हा चढ व्हीलचेअर स्वतःच्या हाताने ढकलणाऱ्याला दमवणारा असतो, बऱ्यापैकी सोपा हवा तर १ ला २० लागतो, मग लांबी अजून वाढते. २४ मीटरच्या रस्त्यासाठी हे. खालचं क्रॉसिंग काढून टाकायचं म्हणजे ज्यांना चालणं सगळ्यात कठीण आहे त्यांनाच सगळ्यात लांबचा रस्ता द्यायचा, मला हे कधीच पटलेलं नाही.

मग लिफ्ट लावू असं सांगतील. लावाच, पण किती? समजा शो संपल्यावर पंधरा मिनिटांत दीड हजार माणसं पुलाकडे येतात आणि पंधरा जणांमागे एक बाबागाडी आहे, म्हणजे शंभर गाड्या. नेहमीच्या लिफ्टमध्ये दोन गाड्या आणि त्यांची माणसं मावतात, वर जाऊन परत यायला दीड मिनिट, म्हणजे पंधरा मिनिटांत दहा फेऱ्या आणि वीस गाड्या. बाकीच्या ऐंशी? त्या जिन्यावरून उचलून नेल्या जातात, एक माणूस पुढून, एक मागून, जिन्याची अर्धी रुंदी अडवून, आणि मूल कधीकधी आतच असतं. त्यामुळे प्रत्येक टोकाला किमान दोन लिफ्ट, मोठ्या केबिनच्या, शक्यतो एका दारातून आत आणि समोरच्या दारातून बाहेर अशा, म्हणजे गाडी वळवावी लागत नाही. एकच लिफ्ट असली आणि ती बंद पडली तर त्या दिवशी व्हीलचेअरवाल्यासाठी पूल अस्तित्वातच नाही. खालचं क्रॉसिंग ठेवा म्हणतो ते यासाठीही.

एस्कलेटरबद्दल थोडक्यात. बाबागाडी त्यावर न्यायची नसते तरी लोक नेतात. उघड्यावर बसवणार असाल तर बाहेरच्या हवामानासाठीच बनवलेलं मॉडेल आणि वर छप्पर, नाहीतर ते सारखं बंद राहणार. बंद एस्कलेटरच्या पायऱ्या नेहमीच्या जिन्यापेक्षा उंच असतात, म्हणून "बंद पडलं तर जिना म्हणून वापरतील" हे उत्तर ऐकून घेऊ नका. आणि खरा धोका वेगळाच आहे, वर गर्दी तुंबली तरी एस्कलेटर खालून माणसं आणून ओततच राहतं, वरच्या माणसाला मागे सरकायला जागा नसते. तेव्हा एस्कलेटर थांबवायचा अधिकार असलेला माणूस तिथे हजर हवा, आणि तो कंट्रोल रूममध्ये बसून चालणार नाही, जागेवरच हवा.

इथे मला जपानमधल्या आकाशीची दुर्घटना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तुमच्या प्लॅनशी ती फार जवळची आहे. २१ जुलै २००१, समुद्रकिनाऱ्यावर आतषबाजी, आणि आसागिरी स्टेशनपासून किनाऱ्याकडे जाणारा एकच मुख्य पादचारी पूल. पूल सुमारे ६ मीटर रुंद आणि शेवटचा जिना त्याच्या निम्मा, सुमारे ३ मीटर. लोक वरून छान दिसतं म्हणून पुलावरच थांबले, जिन्याच्या पायथ्यापुढे खाण्याचे स्टॉल लागलेले त्यामुळे उतरलेल्यांना पसरायला जागा नाही, आणि शो संपल्यावर स्टेशनकडे परत निघालेले लोक खालून वर यायला लागले. दोन्ही लोंढे जिन्यापाशी भिडले. एका चौरस मीटरमध्ये तेरा-पंधरा माणसं इतकी दाटी झाली. ११ जण गेले, त्यातली ९ लहान मुलं. आणि पूल मोडला नव्हता बरं का, बांधकाम अगदी मजबूत होतं. आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जणांचा जीव गेला तोही जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत.

यावरून तुम्हाला मीटिंगमध्ये विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मिळतो, पूल किती रुंद यापेक्षा जिना किती रुंद. ब्रिटनमध्ये स्टेडियमच्या सुरक्षेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात त्यात सपाट वाटेवर मीटर रुंदीमागे मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं आणि पायऱ्यांवर ६६ धरतात. म्हणजे पूल आणि जिना सारख्या रुंदीचे असले तरीही जिन्यापाशी तुंबणारच, मग जिना अरुंद केला तर काय होईल. मुलं, पिशव्या, झोपाळलेली माणसं धरून मी पायऱ्यांवर पन्नासच्या वर जात नाही. दोन मीटरच्या जिन्यातून मिनिटाला शंभर माणसं. आता आधी सांगितलेलं रस्त्यावरचं १० मीटर रुंद क्रॉसिंग आठवा, दोन मिनिटांत दोनशे, म्हणजे मिनिटाला शंभरच! दोन मीटर जिन्याचा पूल बांधून खालचं रुंद क्रॉसिंग बंद केलं तर क्षमता काडीची वाढत नाही. पूल आणि क्रॉसिंग दोन्ही ठेवलं तर दुप्पट होते. अर्थात त्या क्रॉसिंगसाठी गाड्यांना दर दोन मिनिटांतली पाऊण-एक मिनिट थांबावं लागतं, हे मी लपवत नाही, पण ते शो सुटल्यावरच्या अर्ध्या तासापुरतं करायचं, बाकी दिवसभर कमी वेळ चालतो.

पायथ्याच्या जागेचाही हिशोब मागा. पार्कच्या बाजूला बॅग तपासणीची रांग पुलाच्या जिन्यापर्यंत येते का? सहाशे माणसं आरामात थांबायला, चौरस मीटरला दोन धरले तरी, ३०० चौरस मीटर लागतात. एवढी जागा जिना आणि तपासणीच्या मध्ये नसेल तर रांग उलटी पुलावर चढणार, आणि पुलावर साठलेल्या गर्दीला बाहेर पडायला दुसरा रस्ताच नसतो. पलीकडच्या बाजूला तर हमखास असं होतं की जिना फूटपाथवरच उतरवतात, तीन मीटरच्या फूटपाथमधले दोन मीटर जिन्याने खाल्ले, उरलेल्या एका मीटरमध्ये विजेचा खांब आणि बसची वाट बघणारे लोक. जिना फूटपाथच्या मागे, पार्किंगच्या किंवा हॉटेलच्या जागेत घ्यायला लावा. जागेच्या बोलणीला वेळ लागतो, तो लागू दे.

पुलावर थांबणं हा दुसरा मुद्दा. वरून पार्कचं टॉवर दिसत असेल, रोषणाई दिसत असेल, तर लोक फोटोला थांबणारच. लास वेगासच्या मुख्य रस्त्यावर कॅसिनोंना जोडणारे असे बरेच पूल आहेत, तिथल्या क्लार्क काउंटीच्या स्थानिक प्रशासनाने २०२४ च्या सुरुवातीला पुलांवर थांबायलाच बंदी घातली आणि त्यावर वादही झाला. मला नियमापेक्षा रचना बरी वाटते, आतषबाजीच्या बाजूला वरपर्यंत अपारदर्शक कठडा, आणि बघायला खाली वेगळी मोकळी जागा. पण पूल पूर्ण बंदिस्त करू नका, हवा खेळली पाहिजे, आकाशीच्या पुलावर बाजूच्या बंद भिंतींमुळे आत उकाडा झाला होता.

पूल हलण्याबद्दलही डिझायनरला विचारा, लोक घाबरतात आणि घाबरलेली गर्दी वाईट. लंडनचा मिलेनियम ब्रिज जून २००० मध्ये उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, माणसं चालताना तो बाजूला डोलायला लागला, डोलतोय म्हणून माणसं नकळत त्याच तालात पावलं टाकायला लागली आणि डोलणं वाढत गेलं. डॅम्पर, म्हणजे डोलणं शोषून घेणारी उपकरणं, बसवून तो २००२ मध्ये परत सुरू झाला. गर्दीच्या भाराने उभं आणि आडवं किती हलेल हे तपासलंय का, एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे.

मग पूल चांगला कुठे चालतो? जिथे चढावंच लागत नाही तिथे. टोकियो डिस्नेलँडला माईहामा स्टेशनमधून बाहेर पडलं की उंचावरचा रुंद पादचारी डेक पार्ककडे घेऊन जातो, गाड्या खालून. हाँगकाँगच्या सेंट्रल भागात इमारतींचे वरचे मजलेच पुलांनी जोडलेत, माणूस बराच वेळ जमिनीवर न उतरता चालू शकतो. तुमच्याकडे पलीकडे बहुमजली पार्किंग आहे, तर पूल तिच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरून निघून पार्कच्या बाजूला उंचावरच्या चौकात किंवा लांब सपाट उतारावर उतरला पाहिजे. पार्किंगवाल्यांसाठी मग पूलच जवळचा रस्ता होतो, ते आपणहून जातील, रेलिंगची गरज नाही. हॉटेलं आणि बसवाले जमिनीवरच असतात, त्यांना खालचं क्रॉसिंगच सोपं. दोन गर्दी आपोआप वेगळ्या होतात.

आणि हॉटेलवाल्यांना आत्ताच बोलवा. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला डिस्नेलँडच्या पूर्वेला हार्बर बुलेव्हार्ड आहे, समोरच्या मोटेलांतले लोक वर्षानुवर्षं तो रस्ता ओलांडून चालत पार्कात जातात. तिथे मोठं पार्किंग आणि पुलाचा प्लॅन आला तेव्हा समोरच्या व्यावसायिकांनी विरोध केला, कारण नव्या रचनेत त्यांच्या दारासमोरची वाट जाऊन पाहुण्यांना वळसा पडणार होता. २०१७ मध्ये तो प्लॅन सोडून पार्किंग दुसऱ्या बाजूला नेलं. म्हणजे पुलाचं टोक कुणाच्या दारात उतरतं यावर अख्खा प्रोजेक्ट अडू शकतो.

रेलिंगबद्दल शेवटचं सांगतो. लोकांना जबरदस्तीने पुलावर चढवायला डिव्हायडरवर जाळी लावली की काही जण ती ओलांडतात, काही जण जिथे ती संपते तिथून उतरतात, आणि जो अर्ध्यावर पोचून जाळीपाशी अडकतो तो वेगवान लेनमध्ये उभा असतो. शिवाय रस्ता बंदिस्त दिसला की गाड्यांचा वेग वाढतो. कडेच्या फूटपाथला, गर्दी कडेवरून खाली ढकलली जाऊ नये म्हणून, कमी उंचीचं मजबूत रेलिंग ठीक आहे, आणि क्रॉसिंगच्या तोंडाशी बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवून.

पार्कात काम करणाऱ्यांना विसरू नका. पाहुणे गेल्यावर दोन-तीन तासांनी सफाईवाले, किचनवाले, राइड बंद करणारे बाहेर पडतात, तेव्हा पुलाचं एक टोक बहुतेक वेळा कुलूपबंद, लिफ्ट बंद, दिवे अर्धे. पूल आणि लिफ्ट चोवीस तास चालू राहणार का, देखभाल पार्क करणार की पालिका, आणि लिफ्ट बंद पडली तर किती तासांत सुरू होणार, हे लेखी घ्या.

मीटिंगच्या आधी एक काम करा. एखाद्या शनिवारी शो सुटताना दोघं-तिघं जा, एक जण पार्कच्या बाजूला, एक पलीकडे. दर सायकलला किती माणसं उतरली, किती लाल दिव्यावर गेली, किती बाबागाड्या आणि व्हीलचेअर होत्या, हिरवा माणूस किती सेकंद दिसतो, आणि लोक पलीकडे गेल्यावर कुठे वळतात, बस, हॉटेल की पार्किंग, एवढं लिहून घ्या. रस्त्याची आणि डिव्हायडरची रुंदी टेपने मोजा, पण ते सकाळी रिकाम्या रस्त्यावर आणि ट्रॅफिक पोलिसांना सांगून. हे आकडे आणि पुलाच्या दोन्ही टोकांचं ड्रॉइंग मला पाठवलंत तर जिना किती मीटर मागायचा, लिफ्ट किती आणि सिग्नलला किती सेकंद, हे तुम्हाला नेमकं काढून देतो.